पुंगळीचं बूड

मुद्दा साधा होता. आमच्या इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये नोव्हेंबरात महायुद्धाचं प्रदर्शन भरतं आणि त्यात एकही हिंदुस्थानी शिपाई नसतो. एकही नाही. काचेच्या कपाटांत बूट असतात, बिस्किटांचे डबे असतात, एका घोड्याचा फोटोसुद्धा असतो. घोड्याला जागा आहे! आणि मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते त्या काकांचे वडील ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढले, त्यांना नाही.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. इथल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकत होते तेव्हा फीवाढीवर पत्रकं काढली, मग भाडेकरूंच्या हक्कांवर काढली. बसस्टॉपवर भर थंडीत हातमोजे काढून वाटली, कारण हातमोजे घालून कागद सुटा होत नाही. तेव्हा काकांसाठीही पत्रक काढलं. मथळा ठळक: ‘ही गोळी ज्याच्यावर झाडली, त्याचं नाव कुठे आहे?’

कारण गोळी होती. म्हणजे पुंगळी. गोळी उडून गेल्यावर मागे उरतं ते पितळी नळकांडं. काकांच्या देवघरात ती उदबत्तीचं घर म्हणून उभी असते, लाखेनं छोट्या लाकडी पाटात पक्की बसवलेली. घरात तिचं नावच ‘जपानी’. “अगं, जपानीतली राख काढ,” असं काकू सहज म्हणतात. काकांची गोष्ट ठरलेली आहे: जपान्यानं आबांवर, म्हणजे काकांच्या वडिलांवर झाडली, कानाजवळून गेली, आबांनी पुंगळी उचलून घरी आणली. आबांची पदकं गावाकडे चोरीला गेली. गणवेशातला फोटो कधी काढलाच नाही. उरलंय ते एवढंच.

“मी असेपर्यंत आबांचं नाव त्या काचेत दिसलं की झालं,” काका म्हणाले होते. निवृत्त इंजिनियर माणूस, एरवी काही मागत नाही. म्हणून मी हट्टाला पेटले.

प्रदर्शनाच्या कमिटीवरच्या बाई फोनवर गोड बोलल्या. गोड बोलणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. शत्रूकडून आणलेल्या वस्तूंच्या कपाटात एक जागा आहे म्हणाल्या, पण ती पुंगळी खरंच जपानी आहे असं एखाद्या जाणकारानं सांगायला हवं. घोड्याला कुणी ओळखून दिलं होतं, असं मी विचारलं. त्यावर त्या हसल्या.

मग एका रविवारी शेजारच्या केंब्रिज गावाला गेले. तिथे जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरतो. टेबलांवर बिल्ले, हेल्मेटं, किमतीची स्टिकरं. माणसं मारायच्या वस्तू, आणि लोक कॉफी पीत घासाघीस करतायत! एका टेबलावर जपानी पुंगळ्या मांडलेल्या. मागे बसलेल्या म्हाताऱ्याला मी फोनवरचे फोटो दाखवले.

“ही झाडाची कुंडी आहे का?” त्यानं विचारलं.

“उदबत्तीचं घर आहे. देवघरातलं.”

“मग बूड कुठाय?”

“लाखेत.”

“बूड दाखव, मग बोलू,” म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी हलले नाही. उभं राहणं हा माझा धंदाच आहे. शेवटी वैतागून त्यानं दोन पुंगळ्या माझ्या हातावर उलट्या ठेवल्या. एकीचं बूड कोरं होतं. जपानी लष्कराच्या रायफलीच्या पुंगळीवर बहुतेक वेळा काही ठोकलेलंच नसतं, म्हणाला. कोरेपणा हीच खूण. गोळी कुठल्या जातीची ते कळावं म्हणून मानेशी रंगाची पट्टी असायची.

“तुझ्या पुंगळीवर पट्टी दिसत नाही.”

दिसणार कशी? काकू दर दिवाळीला ती चिंच-मीठ लावून घासतात.

दुसरीच्या बुडाला रुंद काठ होता. ही जपानी आरमाराची. ब्रिटिशांच्या काडतुसाची हुबेहूब नक्कल. “फोटोतली नळी या घडणीची वाटते. म्हणजे जपानी आरमाराची तरी, नाहीतर ब्रिटिश. आकारावरून मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. जपानी अक्षरं निघाली तर जपानी. इंग्रजी निघाली तर विषय संपला. फोटो पाठव.”

घरी येऊन सांगितल्यावर काकू भडकल्या. “देवघरातली वस्तू उपटायची? त्या बाईला सांग, हवं तर इथे येऊन बघ, चहा देते.”

“बाई बघून काय करणार? बूड बघायचंय,” मी म्हटलं.

“तुला सगळ्याचं बूडच बघायचं असतं.”

काका उठले. हेअर ड्रायर घेऊन आले. मी पाट धरला, त्यांनी गरम हवा मारली. लाख मऊ झाली, आणि पुंगळी हातात आली. बूड काळंकुट्ट. काकू रागातच होत्या, पण दुसऱ्या कुणाला घासू देईनात. चिंचेचा कोळ, जुना टूथब्रश. हळूहळू पितळ पिवळं झालं आणि अक्षरं उमटली. इंग्रजी ‘के’, इंग्रजी ‘एफ’, रोमन सात. वर्षाचे आकडे झिजलेले.

मी फोटो पाठवला. म्हाताऱ्याचं उत्तर लगेच आलं: जपानी नाही, ब्रिटिश फौजेची, किर्कीला तयार झालेली, किर्की म्हणजे पुण्याजवळ. मी मोठ्यानं वाचत होते. काकांनी मधेच थांबवलं.

“खडकी. मला सांगतोय तो! कॉलेजात असताना मी सायकलनं जायचो त्या रस्त्यानं.”

मग ते पुंगळी बोटांत फिरवत बसले. फिरवता फिरवता म्हणाले, “पुंगळी झाडणाऱ्याच्या पायाशी पडते. समोरच्याकडे जाते ती फक्त गोळी. मी इंजिनियर, आणि आयुष्यभर हे माझ्या डोक्यात आलं नाही. ही समोरून आलेली नाही गं. इथून गेलेली आहे.”

मी मात्र पेटले होते. जपानी नाही तर नाही! उलट मुद्दा आणखी पक्का झाला. पुण्यात बनलेली गोळी, साताऱ्याचा शिपाई, लढाई भलत्याच्याच साम्राज्यासाठी. दुसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मग शत्रूच्या कपाटात बसणार नाही. मी म्हटलं, मग कुटुंबांनी दिलेल्या वस्तूंचं कपाट आहे, त्यात ठेवा. ते इथल्या कुटुंबांसाठी आहे म्हणाल्या. हे कुटुंब तुमच्या जन्माआधीपासून इथलं बर्फ शोव्हल करतंय, मी म्हटलं. आणि बाई नमल्या! खरंच नमल्या. कार्डासाठी दोन ओळी पाठवा म्हणाल्या: कुणी झाडली, कुठे झाडली.

मी उड्या मारत वर गेले. काका टीव्ही बंद करून बसले होते.

“कुणी झाडली ते लिहायचं?”

“हो. आबांचं नाव. मोठ्या अक्षरात.”

“नको.”

“काका, हेच तर हवं होतं तुम्हाला!”

“आबांवर झाडली, असं लिहायचं होतं.”

मग मी भाषण केलं. शिपायाला कुणी विचारलं होतं का, हुकूम कुणाचा, फायदा कुणाचा. सगळं बरोबर बोलले, आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझं बरोबर आहे. पण आबांनी आम्हाला खोटं सांगितलं ते काहीतरी झाकायलाच ना? त्यांनी झाकलं ते मी काचेत ठेवू? नाव घालू नकोस. कुठेच.”

म्हणून इथेही घातलेलं नाही. मला हे पटलेलं नाही. जिंकलेली जागा आपण होऊन सोडायची म्हणजे काय? प्रदर्शन भरलं, मी गेले. घोडा होता.

पुंगळी परत पाटात बसली. उरलेली पत्रकं मी रद्दीच्या ब्ल्यू बिनमध्ये टाकायला निघाले होते, तर काकूंनी एक काढून घेतलं आणि देवघराच्या फळीवर राख पडू नये म्हणून पसरलं. मथळा वरच्या बाजूला. त्या रोज एकच उदबत्ती लावायच्या. त्या दिवशी दोन लावल्या.

“दुसरी कुणाची?” मी विचारलं.

काकूंनी मथळ्यावर बोट ठेवलं. “तूच विचारलंयस ना, त्याची. नाव मला तरी कुठे माहितीय?”