रानकापसाची राखण

"आधी कपडे झटका," हे तिचं स्वागत असायचं. अकोल्याच्या आमच्या संशोधन केंद्रात रानकापसाच्या प्लॉटच्या फाटकाशी ती उभी असे. केंद्रातल्या दुसऱ्या कपाशीतून येणारा माणूस शिपाई असो की संचालक, अंग झटकल्याशिवाय ती आत सोडत नसे. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या संगं कोन येऊन राहिलं, तुमाले काय मालूम?"

मी तिथे नवा कृषी सहायक होतो आणि तिची तिथली मजुरी माझ्या वयाइतकी जुनी. सगळे तिला मावशी म्हणत. डोंगरातून, जुन्या अंगणांतून गोळा केलेली रानकापसाची झाडं तिच्या ताब्यात होती. त्यांच्या फुलांवर बीटी कपाशीचा पराग पडला, तर पुढचं बी भेसळीचं निघणार आणि रानकापूस नावापुरता उरणार. म्हणून उद्या फुलणारी कळी ती आज दुपारीच हुडकून काढायची आणि टोकाला ओल्या मातीचा ठिपका लावून तिचं तोंड बंद करायची. सकाळी भुंगा येऊन त्या बंद कळीवर चकरा मारून निघून गेला, की मावशी खुशीत हसायची. माझ्या हातून मात्र कळीच तुटायची.

पण सगळ्या कळ्या कुणाच्याच हाती लागत नाहीत. एखादी सुटतेच, आणि तिच्यासाठी रानकापूस आणि बीटीच्या मध्ये भरपूर अंतर लागतं. नेमकं तेच आमच्या नव्या साहेबांनी घालवलं. पाहुण्यांना दाखवायचा बीटीचा प्लॉट त्यांनी अगदी धुऱ्यापलीकडे, आमच्या बांधाला लागून लावला. मी टिपण लिहिलं. फाइल वर गेली ती वरच राहिली. मावशी स्वतः जाऊन बोलली. पराग अडवायला कडेला दुसऱ्या पिकाच्या चार ओळी लावल्यात, काळजी करू नका, असं साहेब म्हणाले. मावशी म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'ला मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

साहेबांची कपाशी कमरेएवढी झाली, पण बोंड धरेना. कळ्या आपोआप गळतायत, ही पातेगळच, असं ठरवून साहेबांनी दोनदा फवारणी केली. मग अमरावतीहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी पानं पाहिली, माती हुंगली. मावशी त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. तिचा चेहरा इतका साधा होता, की मलाच शंका आली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी साहेबांना खताच्या खड्ड्यात कळ्यांचा ढीग सापडला. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी मनात काहीतरी थाप जुळवत होतो, तेवढ्यात मावशीनं सांगून टाकलं, की रोज पहाटे तीच कळ्या तोडत होती.

"तुमाले सांगून पाह्यलं, साहेब. भुंग्याले तं सांगता येत नाई. मंग फुलंच ठेवली नाई."

तिला नोटीस मिळाली. तिनं पूर्ण नाव लिहून ती घेतली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना रानकापूसच दाखवावा लागला, आणि फाटकाशी कपडे झटकायच्या रांगेत साहेबही उभे राहिले. पुढे रानकापसाचं बी तपासलं, तर एकातही भेसळ नव्हती. साहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला. पुढच्या हंगामात त्यांचा प्लॉट शेताच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. नोटीस त्यांनी मागे घेतली नाही, मावशीनंही कधी विषय काढला नाही.

निवृत्त होऊन ती अचलपूरला मुलाकडे गेली. इकडे नव्या माणसांच्या हातून कळ्या तुटू लागल्या. शेवटी एक दिवस साहेबांनी जीप काढली, मला घेतलं आणि थेट तिचं घर गाठलं. अंगणात जास्वंद होती. ती कपाशीच्याच कुळातली. मावशीनं साहेबांना तिच्या कळ्यांपाशी पाटावर बसवलं, ओल्या मातीनं भरलेला वाडगा पुढे ठेवला. चहा निवून गेला तरी त्यांना उठू दिलं नाही.

"हळू, साहेब. कळीले झोपवाचं हाय, माराचं नाई."

"हो, मावशी," साहेब म्हणाले. तिला मावशी म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

गेल्या दिवाळीच्या आधी तिच्या मुलाचा फोन आला. साहेब दुपारचे प्लॉटवर वाकलेले होते. मी जवळ जाऊन मावशी गेल्याचं सांगितलं. उरलेली ओळ त्यांनी शेवटच्या झाडापर्यंत पूर्ण केली, हात धुतले, आणि मग जीप मागवली.