मेंढरांशिवायचा तळ

स्वप्नालीच्या सायकलला पुढं पिशव्या, मागं पोरगं आणि पोराच्या मागं गुंडाळलेला तंबू. पोरगं म्हणजे मल्हार, वय दोन वर्षं दोन महिने. पलूसच्या चौकात एकजण बोललाच, "वैनी, रुसून माहेरला निघालाय काय?"

मी त्याला चांगलं घरपोच उत्तर देणार होते, तोवर तीच म्हणाली, "कोकणच्या कड्यापतुर. येताय का? चढाला ढकलाय माणूस पायजेच हाय."

तो बाजूला झाला. आम्ही निघालो.

स्वप्नाली शाळेची दप्तरं शिवते. मल्हारची खुर्ची तिनं वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून करून घेतली. वरचं छप्पर दप्तराच्या कापडाचं, खाली गोधडीची चौपदरी घडी, छातीवर दोन पट्टे. नवरा धुळा साखर कारखान्यात. हंगाम लागलेला, म्हणून रजा नाही. म्हणून सोबतीला मी, शेजारची बनुबाई. मेंढपाळांच्या चराईसाठी कचेऱ्यांत भांडून माझा घसा बसला, पण सायकल मारायला पाय शाबूत आहेत.

खरा अडसर घरातच होता. स्वप्नालीची सासू, रंगुबाई. मेंढरं विकेपर्यंत तिनं तीस वर्षं त्यांच्यामागं काढली. दिवाळी झाली की दुष्काळी भागातून निघायचं, कऱ्हाड, पाटण करत घाट उतरायचा. संसार घोड्यावर, आणि संसारात धुळा बांधलेला, शेजारी कोकरू.

"धुळाला मी घोड्यावर बांधलं ते काय हौसंनं न्हवं," ती सुनेला म्हणाली. "घर न्हवतं म्हणून बांधलं. तुला घर हाय. तुला कसली धाड भरलीया?"

"आत्याबाई, तुमी बघितलेला डोंगर माज्या पोरानं बघू नये व्हय?"

रंगुबाईनं खुर्चीचे पट्टे ओढून बघितले. मग अट घातली. पोरगं एकदा जरी खोकलं, एक रात जरी उघड्यावर कुडकुडलं, तर मिळंल त्या एसटीनं माघारी यायचं आणि ती खुर्ची भंगारात. वाट मात्र तिनं सांगितली नाही. एक खूण तेवढी धुळाला लहानपणची आठवत होती: पाटणच्या पुढं चिंच आणि चिंचेखाली मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण.

काय सांगू, पहिले दोन दिवस आम्ही नुसते उधळलो होतो. कडेगावच्या पुढच्या उताराला मल्हार दोन्ही हात वर करून ओरडत होता आणि स्वप्नाली ब्रेक दाबत त्याच्या वरताण ओरडत होती. उसाची ट्रॉली दिसली की तो "आबा गाली" म्हणायचा, कारण बाप त्याच गाड्यांच्या गावाला जातो. दर तासाला थांबायचं, त्याला मोकळं सोडायचं, दगड वेचू द्यायचे. एक मुक्काम देवळाच्या आवारात, एक शाळेच्या मैदानात, दोन्ही विचारून. खोकला नाही, शिंक नाही.

तिसऱ्या दिवशी, ऊन कलताना, पाटणच्या पुढं चिंच दिसली. खाली डोण. पलीकडं भात काढून मोकळं झालेलं वावर. स्वप्नाली सायकलवरनं उतरली ती थेट वावरात शिरली. वाऱ्याकडं पाठ करून तंबू ठोकला, तीन दगडांची चूल मांडली. कुणाला विचारायचं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रीतच होती: पीक काढलेलं वावर दिसलं की उतरायचं. शेतकरी उलट वाट बघत असायचा.

पाण्याला उकळी आली आणि बांधावरनं हाक आली. वावराचा मालक, आप्पासो. टोपी, काठी, कपाळाला आठी.

"कुणाला इचारून तळ टाकला?"

"मामा, आमी मेंढक्यांच्या घरचं," स्वप्नाली म्हणाली. "आमची मेंढरं हितंच बसायची."

आप्पासोनं तंबू बघितला, सायकली बघितल्या, परत तंबू बघितला. "मग कुटं हाईत मेंढरं?"

स्वप्नालीनं मल्हारकडं बघितलं. मल्हार स्वतःकडं बोट करून म्हणाला, "ब्यॅ."

"शेतात मेंढरं बसली तर खत मिळतंय," आप्पासो म्हणाला. "तुमच्या सायकली काय टाकत्यात?"

मी उसळले. "एक रात माणसानं टेकलं तर वावर झिजतंय का तुमचं? लेकरू हाय संगट—"

"बनुताई, गप बसा," स्वप्नाली म्हणाली. "चूक आपली हाय."

वारं सुटलं होतं. इथनं उठवलं तर पोरगं उघड्यावर, म्हणजे अट मोडली. तिनं सरळ सासूला फोन लावला आणि आप्पासोच्या हातात दिला. "मामा, आत्याबाईंशी बोला. रंगुबाई."

"रंगुबाई?" आप्पासोनं फोन कानाला घट्ट लावला. "आवं, पंधरा वरसं झाली. आमच्या तात्यांनी दोन वरसं वावर तसंच ठेवलं तुमच्या वाटंवर. मग घातली खताची पोती. एक निरोप तरी धाडायचा."

तिकडनं रंगुबाई काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही. आप्पासो ऐकत राहिला. "व्हय... व्हय... डोण हाय की अजून." मग वाकून त्यानं मल्हारच्या कपाळाला हात लावला. "न्हाई वं, ताप कसला. चिखल खातंय."

फोन देऊन तो निघून गेला. आला तो सूप भरून नवे तांदूळ आणि पेंढ्याच्या चार पेंड्या घेऊन. "पोराच्या खाली घाला. मेंढरांचा तळ बसला की मापटंभर दाणं द्यायचं, ही आमच्या घरची रीत हाय."

"पण मेंढरं न्हाईत, मामा."

"ते तुमचं तुमी बघा."

सकाळी मल्हारनं वावराच्या कोपऱ्यात बसून आपला कार्यक्रम उरकला. स्वप्नालीनं खुरप्यानं खड्डा केला, माती लोटली आणि बांधावर उभ्या आप्पासोला म्हणाली, "मामा, एवढ्या जागंला औंदा पोतं घालू नगा."

आप्पासो इतका हसला की टोपी काढून डोळे पुसले.

आम्ही तंबू गुंडाळत होतो तेव्हा रंगुबाईचा फोन आला. मला वाटलं, एसटीची वेळ विचारणार.

"खोकलं काय गं पोरगं?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग ऐक. फुडचा तळ हेळवाकच्या अलीकडं, वड्याच्या डाव्या अंगाला टाक. उजव्या अंगाला वारं लागतंय. आन्‌ कड्यावर गेल्यावर त्येला खाली उतरीव, खुर्चीतनं कोकण न्हाई दिसायचं. धुळाला बी मी घोड्यावरनं उतरून दावलं हुतं."

स्वप्नालीनं पट्टे आवळले आणि पायडल मारलं. मी मागं, धापा टाकत.