मकूच्या क्लबात

शर्वरी हॉलमधला दिवा मालवते आणि अंधारात तशीच घुटमळते.

"अक्का, उद्या जायचं का क्लबात? मकरंदबरोबर वाजवणारे लोक तुमची वाट बघतायत."

"नको गं," सरोजअक्का म्हणते. "मी काय करू तिथं जाऊन?"

 शर्वरीच्या सपाता बेडरूमकडं जातात, दार लागतं. अक्का सोफ्यावर कुशीला वळते. मिरजेहून निघाल्यापासून तिला झोप म्हणून लागलेली नाही. डोळा लागतो, उघडतो, परत लागतो. शिकागोत रात्र झाली आहे, पण तिचं अंग अजून मिरजेच्या दुपारीच अडकलं आहे.

याच शहरात, त्याच क्लबाच्या दारातून बाहेर पडल्यावर, तिचा धाकटा भाऊ मकरंद, शर्वरीचा नवरा, फुटपाथवर कोसळला आणि गेला. आई वारली तेव्हा मकू अजून बालवाडीत होता आणि अक्का मॅट्रिकला. तेव्हापासून तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, विमानात बसवलं. आणि त्याच्या शेवटाला मात्र ती नव्हती. व्हिसा हातात पडेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहनाच्या भट्टीचं दार बंद होताना ती मिरजेत फोनच्या पडद्याला डोळे लावून बसली होती, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. अर्धवट बंद झालेलं दार. ते तिच्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही.

आताही ते तसंच समोर आहे. अर्धवट बंद. अक्का हात लावते तर ते सरकतं, आणि आत खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत.

पायऱ्यांच्या तोंडाशी एक धिप्पाड माणूस स्टुलावर बसला आहे. काळा कोट, गळ्यात मफलर.

"मुलाकडच्या की मुलीकडच्या?" तो विचारतो.

"मी मकरंदची बहीण."

"मग चपला हातात घ्या. इथं बाहेर ठेवलेलं परत मिळत नाही."

ती चपला हातात घेऊन उतरते. पायऱ्या दगडी आहेत, ओल्या आहेत, कडेनं शेवाळ आहे. कृष्णेचा घाट आहे हा. पाण्याचा वास येतो. ती पदर खोचून पाय पुढं टाकते तर पाणी नाहीच, लाकडी जमीन आहे, आणि तिच्यातून ढोलाचे ठोके तळपायात शिरतायत. निळसर उजेड. लहान लहान टेबलं. टेबलाटेबलाशी माणसं बसली आहेत आणि कुणी कुणाकडं बघत नाही. समोर हातभर उंचीच्या मंचावर एक पोक्त बाई डोळे मिटून गाते आहे. शब्द अक्काला कळत नाहीत, पण एवढं कळतं की बाई तीच ओळ परत म्हणते आहे.

मकूनं एकदा फोनवर समजावलं होतं. "ब्लूज म्हणजे काय विशेष नाही गं अक्का. दुःखाची ओळ एकदा म्हणायची. तीच परत म्हणायची, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलेलं नसतं. आणि तिसऱ्या ओळीत खरं काय ते सांगून टाकायचं."

बाईच्या उजव्या हाताला मकू उभा आहे.

दाढीत पांढरे केस. तोच तपकिरी स्वेटर. दोन्ही हातांच्या ओंजळीत माउथ ऑर्गन, आणि डोळे मिटलेले. लहानपणी त्याला दमा होता. डॉक्टर म्हणाले, पोराला फुगे फुगवायला द्या, छाती मोकळी होईल. फुगे फुटायचे आणि तो रडायचा, म्हणून अक्कानं उरुसातून त्याला हे वाजवायला आणून दिलं होतं. त्याचंच त्यानं पुढं असं केलं. पण तिनं कधी त्याला असं उभं राहून, लोकांपुढं वाजवताना ऐकलं नव्हतं.

आता ऐकायचं म्हणून ती कान टवकारते. ढोल ऐकू येतो, गिटार ऐकू येते, बाईचा फाटका आवाज ऐकू येतो. मकूचं काहीच नाही. त्याचे गाल हलतायत, हात फडफडतायत, टेबलाशी बसलेले लोक माना डोलवतायत. अक्काला फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. आत, बाहेर. आत, बाहेर. दम्याच्या रात्री उशाशी बसून ती ऐकायची तो.

"मकू, मोठ्यानं वाजव की," ती ओरडते. "मला ऐकू येत नाही!"

कुणी वळून बघत नाही.

गाणं संपतं. टाळ्यांचाही आवाज नाही, नुसते हात. मकू मंचावरून उतरून तिच्याकडं येतो, आणि ती दोघं मिरजेच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आहेत. कोपऱ्यात स्टोव्ह फुरफुरतो आहे. त्याच्या मागं बाटल्यांच्या रांगा आणि निळा उजेड.

"आलीस व्हय?" मकू म्हणतो.

"उशीर झाला रे."

"झाला."

तो समजूत घालत नाही. कधी घालायचाही नाही.

"काय करू तुला? भात टाकू?"

"भूक लागत नाही आता, अक्का."

ती त्याचा हात हातात घेते. हात नेहमीसारखाच आहे, अंगठ्याचं नखही तसंच तिरकं. इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं, ते ती विचारते.

"दुखलं का रे?"

"दुखलं."

"फार?"

"फार."

"कोण होतं जवळ?"

"कुणी नव्हतं. सगळे आत होते. दुसरं गाणं सुरू झालं होतं."

स्टोव्ह विझतो. तो पेटवायला कुणी उठत नाही.

"हाक मारलीस कुणाला?"

मकू खाली बघतो. "तुला."

"मला? शर्वरीला नाही?"

"तोंडात तुझंच नाव आलं. अक्का म्हणालो. मग परत म्हणालो."

"मला नाही ऐकू आलं, मकू." तिचा आवाज चिरकतो. "देवाशपथ नाही आलं. मी अंगणात वाळवण घालत होते. ऊन होतं. मला काहीसुद्धा कळलं नाही. नुसतं चुकल्यासारखं वाटायला हवं होतं की नाही? काही म्हणजे काही वाटलं नाही. मी दुपारी पोटभर जेवले आणि झोपले."

"तुला कसं ऐकू येणार? तू तिकडं."

"मला ती जागा दाखव."

"नको बघूस."

"दाखव म्हणते ना."

तो उठतो आणि स्वयंपाकघराचं मागचं दार उघडतो. बाहेर परडं नाही, फुटपाथ आहे. बर्फ पडतो आहे. गल्ली पांढरी, रिकामी, दिव्याखाली गोल उजेड. मकू त्या उजेडात जातो आणि शाळेतून दमून आलेलं पोर अंथरुणावर पडतं तसा आडवा होतो.

"डोकं इथं होतं," तो सांगतो. "पाय रस्त्याकडं."

अक्का बर्फात मांडी घालून बसते आणि त्याचं डोकं उचलून मांडीवर घेते. जड आहे. केसांत बर्फ आहे. ती बोटांनी तो झाडते, तेवढाच वरून परत पडतो. ती परत झाडते. भिंतीपलीकडं गाणं चालू आहे, ढोलाचा ठोका दगडातून येतो आहे, आणि आतलं कुणीही बाहेर येत नाही. ती दाराकडं बघते. कुणीतरी सिगारेट ओढायला तरी येईल. कुणीच येत नाही.

"मला यायचं होतं," ती म्हणते.

मकू डोळे मिटून ऐकतो.

"मला यायचं होतं रे."

"आणि तिसरी ओळ?" तो विचारतो.

तिला वाटतं, बोलू नये. पण तोंडातून येतंच. "मला परत जायचं नाही. तुझ्याबरोबर ने."

मकू डोळे उघडतो.

"नेता येत नाही, अक्का."

"मी तुला कुठं कुठं नेलं. कडेवर घेऊन दवाखान्यात नेलं, पावसापाण्यातून शाळेत नेलं. आणि तुला मला एकदा नेता येत नाही?"

"नाही येत." त्याचे ओठ निळे पडले आहेत. "उठ आता. गारठा बाधेल तुला."

"मी उठणार नाही."

"बरं, नको उठूस."

आत, बाहेर. त्याचा श्वास तिला ऐकू येतो. त्याच्या लहानपणी धरायची तसं ती बोट त्याच्या नाकाखाली धरते. आत, बाहेर. आत. बोटाला ऊब लागते. ती पुढच्या श्वासाची वाट बघते. वाट बघते. ढोल थांबला आहे. ती बोट हलवत नाही. ती वाट बघते.

खोलीत उजाडलेलं आहे. अक्का सोफ्यावर मांडी घालून बसली आहे, हात पुढं, एक बोट हवेत. खिडकीखालचा हीटर सणसणीत तापून टिकटिक करतो आहे आणि तिच्या कपाळावर घाम आहे.

मांडी मात्र बधिर. ती खाली बघते. सुती साडी ओली आहे. बाकी कुठं नाही, उशी कोरडी, पांघरूण कोरडं. फक्त मांडीवर गोल ओल आहे, माणसाच्या डोक्याएवढी. ती हात लावते आणि तिच्या तोंडून असा आवाज निघतो की शर्वरी धावत बाहेर येते.

"काय झालं, अक्का? पाणी सांडलं का?" शर्वरी गुडघ्यांवर बसते, साडीला हात लावते आणि एकदम मागं घेते. "किती गार आहे हे!"

अक्का तिच्याकडं बघते. काय सांगायचं? दुखलं त्याला, हे? कुणी नव्हतं, हे? ती शर्वरीचं मनगट धरते आणि तिचा तळवा परत त्या ओलीवर आणून दाबते.

"राहू दे इथं," ती म्हणते. "काढू नको गं. कडा सुकायला लागल्यात."