कॅम्पात उतू घातलेलं दूध

शुक्रवारी आमच्याकडे पाहुणे जमले की आमचे हे एक गोष्ट हमखास सांगतात. "हिने एकदा अख्ख्या कोरियाची बत्ती गुल केली होती," अशी सुरुवात असते. मग हॉटप्लेट येते, मग बंद पडलेले एसी, मग बनियनवर धावत आलेला मॅनेजर. मॅनेजरची नक्कल हे फार छान करतात. पाहुणे हसून बेजार होतात. इतकी वर्षं सांगून गोष्ट गुळगुळीत झाली आहे, पण तिच्यातलं एक वाक्य दर वेळी गाळलेलं असतं. म्हणून मी ती पूर्ण लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात, लग्नानंतर पाच महिन्यांनी मी अमिरातीत आले. व्हिसा अमिरातीचा होता, राहणं मात्र कोरियात. यांची कंपनी कोरियन. रास अल खैमाच्या बाहेर, सिमेंटच्या कारखान्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी साइट, आणि साइटला लागूनच कॅम्प. पहाटे लाउडस्पीकर सुरू व्हायचा आणि सगळे कामगार मैदानात रांगा धरून कवायत करायचे. हाना, दूल, सेत, नेत. अरबी आकडे यायच्या आधी मला कोरियन आकडे आले. पाट्या कोरियन, ओरडा कोरियन, गेटवरचा पठाणसुद्धा साहेबांना कोरियन पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार करायचा.

कॅम्पाच्या एका कडेला चार पत्र्याच्या केबिनी होत्या. पहिली आमची. मधल्या दोन्हींत कोरियन इंजिनियर, एकटे राहणारे. शेवटची, सगळ्यांत मोठी, मॅनेजरची. कॅम्पात बायका दोनच, मी आणि मॅनेजरची बायको. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन नव्हतं. समोरासमोर आलो की दोघी हसायचो आणि आपापल्या दारात शिरायचो.

केबिनीत स्वयंपाक करायचा नाही असा नियम होता. आगीची भीती. मेसमध्ये बाईमाणसाने जायचं नाही असाही नियम होता. म्हणून हे दोन्ही वेळेला डब्यात डाळ-भात नाहीतर चिकन घेऊन यायचे आणि आम्ही कॉटवर वर्तमानपत्र पसरून जेवायचो. आई गावात सगळ्यांना सांगत होती, "पोरीला चूलसुद्धा पेटवावी लागत नाही, राणी झाली राणी."

मला स्वयंपाकाची फार हौस होती असं नाही. मी बीएस्सी, वनस्पतिशास्त्र. आमच्या घराण्यात, खरं तर आमच्या आळीत, पदवी घेतलेली पहिली. वडील एसटीच्या डेपोत हेल्पर होते. निकालाच्या दिवशी त्यांनी ग्रीसचे हात घासून घासून धुतले आणि मगच माझी गुणपत्रिका हातात घेतली. लग्नाआधी वर्षभर मी तालुक्याच्या शाळेत शिकवतही होते. आणि आता मी एका पत्र्याच्या डब्यात बसून एसीचं पाणी बादलीत पडताना ऐकत होते. दिवसभर करायला काही नव्हतं. निदान एक चूल तरी माझी असावी असं वाटायचं.

त्यात संध्याकाळ झाली की मॅनेजरच्या केबिनीतून वास यायचा. लसूण, मासळी, कसलंसं आंबूस कालवण. मी यांना विचारलं, तिथे कसं चालतं? हे म्हणाले, "त्यांचं वेगळं असतं." वर म्हणाले, आपल्याला फॅमिली आणायची परवानगी दिली हेच खूप आहे, बाकीच्यांच्या बायका गावाकडे आहेत. ते मला पटलं. उपकार मानायची मला शाळेपासून सवय होती. फी माफ करणाऱ्या हेडमास्तरांचे, पुस्तकं देणाऱ्या बाईंचे, सगळ्यांचे. त्यात कंपनीचे आणखी थोडे.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कंपनीची बस शारजाला गेली. रोल्लाच्या बाजारात एका दुकानाबाहेर स्प्रिंगवाल्या हॉटप्लेट मांडल्या होत्या. मी तिथून हलेना. ह्यांनी हिंदीत घासाघीस केली, पंचवीस दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये, असं मला ऐकवलं, आणि पिशवीत घालून दिली. "फक्त चहापुरती हं," म्हणाले. परतताना बसमध्ये पिशवी मांडीवर त्यांनीच धरली होती. पोळी खाऊन त्यांनाही कित्येक महिने झाले होते.

नवी चूल म्हणजे पहिलं दूध. उतू जाईल इतकं तापवायचं, पूर्वेकडून सांडलं तर उत्तम. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी गेटबाहेरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दूध आणलं. ऑगस्ट महिना, चारही केबिनींचे एसी चालू. मी हॉटप्लेट जमिनीवर ठेवली, डोंगराकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून पातेलं ठेवलं, हळदकुंकू लावलं. हे शेजारी हात जोडून उभे राहिले. ह्यांच्या त्या गोष्टीत हे जोडलेले हातसुद्धा कधी येत नाहीत.

दूध वर आलं, काठाशी थरथरलं आणि भसकन खाली गेलं. गॅसवर ते बर्नरवर पडतं आणि विझतं. इथे ते तापलेल्या स्प्रिंगवर आणि खालच्या उघड्या वायरींवर पडलं. मोठी ठिणगी उडाली, धूर झाला आणि एसी थांबला. आमचा, मग लक्षात आलं की सगळ्यांचाच. ओळीचं मेन उडालं होतं. इतकी शांतता त्या कॅम्पात मी कधी ऐकली नव्हती.

ह्यांनी वायर ओढून काढली आणि हॉटप्लेट पायाने कॉटखाली सारली. तेवढ्यात दार वाजलं. मॅनेजर बनियनवर होता, मागे दोन इंजिनियर, त्यांच्यामागे मॅनेजरची बायको. वास लपण्यासारखा नव्हताच. मॅनेजरने एवढंच विचारलं, "हू कुकिंग?"

हे कमरेत वाकले. पठाण वाकायचा तसे. आणि वाकलेलेच असताना माझ्याकडे हात करून म्हणाले, "माय वाइफ, सर. व्हिलेज गर्ल. नो एज्युकेशन."

हे ते वाक्य.

मला राग आला असं म्हणणं कमी आहे. का कोण जाणे, वडिलांचे ते घासून लाल झालेले हात डोळ्यांपुढे आले. मॅनेजर मान हलवत होता, जसं काही आता सगळा उलगडा झाला. अडाणी बाई, दुसरं काय करणार. तो परत निघालाही होता. मी अजून गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं.

मी म्हणाले, "सर, आय हॅव अ बीएस्सी. अँड युवर मॅडम ऑल्सो कुक्स. एव्हरी डे."

व्याकरण बरोबर होतं. मी शिक्षिका होते. इंजिनियरांपैकी एकाने मॅडमला ते कोरियनमध्ये सांगितलं असावं, कारण ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग खाली बघू लागली. मॅनेजर वळून चालू लागला. हे अजून वाकलेलेच होते.

आठवड्याने यांना कळवलं गेलं की केबिन दुसऱ्या कामासाठी हवी आहे, फॅमिलीची सोय बाहेर करा. नोकरी राहिली. हे माझ्याशी धड बोलत नव्हते. बोलले तेव्हा म्हणाले, "एक वाक्य गिळता आलं नाही तुला?" मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठे आलं?

रास अल खैमा गावात रत्नागिरीकडच्या एका मुसलमान कुटुंबाने आम्हाला एक खोली दिली. स्वयंपाकघर सामायिक. घरातल्या भाभींनी पहिल्या दिवशी ओटा पुसून रिकामा करून दिला आणि म्हणाल्या, आधी तुझं दूध तापव गो, आमचं मागाहून होईल. हे स्वतः दूध घेऊन आले. त्यांना वाटत असावं की आता दूध सांडलं की सगळं संपलं, नवं घर, नवी सुरुवात.

पातेल्याच्या कडेला बुडबुडे जमायला लागले. मी विचारलं, "मला अडाणी का म्हणालात?"

 दुधाकडे बघतच ते म्हणाले, "तेवढ्यावर भागेल असं वाटलं."

खोटं बोलले नाहीत. पण माझ्या चौदा-पंधरा वर्षांच्या शिकण्याची किंमत त्या क्षणी ह्यांना एवढीच वाटली होती, मी हाताशी होते म्हणून मला पुढे केलं. दूध काठापर्यंत आलं आणि मी गॅस बंद केला. "अगं, उतू जाऊ दे की," हे म्हणाले. मी त्याचा चहा केला. पुढे अजमानला आलो, मला शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली, घरं बदलली. कुठल्याच घरात मी दूध उतू घातलं नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. पाहुणे होते, हे रंगात आले होते. मॅनेजर दारात येऊन "हू कुकिंग?" म्हणेपर्यंत झालं, सगळे हसले, आणि हे नेहमीसारखे थेट नव्या खोलीवर उडी मारणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "वेट, बाबा. बट व्हॉट डिड यू से?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही आता सावरून घेईल, असा विश्वास होता त्या बघण्यात. मी म्हटलं, "सांगा ना. ती विचारतेय."

"काही नाही, सॉरी म्हटलं," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, आणि ते वाक्य जसंच्या तसं पाहुण्यांसमोर म्हणून दाखवलं. नक्कल मलाही येते.

कुणी हसलं नाही. मुलगी म्हणाली, "बट आई इज अ टीचर."  एका पाहुण्याने घसा खाकरून चहाचं काय, असं विचारलं. एरवी मी तोवर उठलेली असते. मी बसून राहिले. शेवटी हेच उठून आत गेले. काडेपेटी शोधल्याचा, डबे उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने दूध उतू गेल्याची फसफस आणि करपल्याचा वास.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना शाळेतलं काहीतरी सांगत होते, ते पुरं केलं.

ओटा त्यांनीच पुसला.