बडीशेपेची वाटी

राजापेठेतल्या आमच्या नेहमीच्या खानावळीत एक वाढपी होता. टेबलावर ग्लास आपटायचा, न विचारता भाजी वाढायचा, पण टीप कधी हातात घ्यायचा नाही. "बडीशेपच्या वाटीत ठेवा, भाऊ. हातात भीक देतेत," म्हणायचा.

त्या वर्षांत गावोगावी शेतकरी जीव देत होते आणि ते बघायला बाहेरून माणसं येत होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अशाच एका मराठी पाहुण्याला मी तिथे जेवायला नेलं. अमेरिकेत टीप न देणं म्हणजे वेटरचा अपमान, हे त्यानं मला जेवणभर ऐकवलं. उठताना त्यानं शंभराची नोट वाढप्याच्या खिशात कोंबली, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि मला म्हणाला, "काढा फोटो."

मी काढला.

वाढप्यानं नोट बाहेर काढली, पाहुण्याच्या खिशात तशीच कोंबली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता काढा."

त्या पाहुण्याचा मला इतका संताप आला की रात्रभर मनात त्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी जेवून मी वाटीत दहाची नोट ठेवली. वाढप्यानं वाटी माझ्याकडे सरकवली.

"त्याले काय मालूम, भाऊ? तुमाले तं मालूम होतं."