न चाखलेला पाव

आमच्या घरात स्वयंपाक चाखायची पद्धत नव्हती. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लागलं की ते उष्टं, मग ते कितीही चांगलं झालेलं असो. म्हणून आमच्याकडच्या बायका मिठाचा अंदाज नाकाने घ्यायच्या. आमटीला उकळी आली की वाफेवर तोंड धरायचं. मीठ बरोबर पडलं असेल तर वास भरून येतो, कमी असेल तर नुसता पाण्याचा येतो. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो. मी दहाव्या वर्षापासून हे करत आले आणि माझं मीठ कधी चुकलं नाही. याचा मला भारी तोरा होता.

एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून मी शहापूरला अण्णाकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे, परत आले. घर कोष्ट्याचं. पुढची खोली खड्ड्याच्या मागाने अडवलेली, मागच्या खोलीत अण्णा, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली. मी मागाशेजारच्या बोळात अंथरूण टाकायची. दिवसा मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, पाणी आणायचं, पोरींच्या वेण्या घालायच्या. मला कुणी छळलं असं नाही. पण त्या घरात माझं असं एक दारसुद्धा नव्हतं, जे मी आतून लावून घेऊ शकेन. वहिनी थट्टेत म्हणायची, “वन्सं, तुमी म्हंजे आमच्या घरातली वाट. येईल त्यो तुमास्नी वलांडूनच जानार.” मीही हसायची. पण ते लागायचं.

तिसरीच्या वेळी वहिनी अडली. सुईणीने हात टेकले तेव्हा अण्णाने तिला बैलगाडीत घालून बेळगावच्या कॅम्पातल्या मोठ्या बाईंच्या दवाखान्यात नेलं. या बाई गोऱ्या, मिशनच्या डॉक्टर, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या. पंडिताकडून शिकलेलं पुस्तकी मराठी बोलत आणि झाडूवालीलासुद्धा ‘तुम्ही’ म्हणत. वहिनी आणि पोर दोघीही वाचल्या. मी तिथे पंधरा दिवस वहिनीपाशी होते. निघताना बाईंनी मला विचारलं, “तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात कामाला याल काय?”

अण्णाला नाही म्हणवेना. पण अट घातली. तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आणि घरी आल्यावर परसात अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. मी दोन्ही पाळलं. सकाळी भाकरी बांधून घ्यायची, पाण्याचा तांब्या घ्यायचा आणि चालत निघायचं. शहापूर तेव्हा संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांचं. रस्ता एकच, पण मध्येच सरकार बदलायचं. कॅम्पात पोचायला तास लागे. तिथे मी भांडी घासत होते, भाज्या चिरत होते, अंडी फोडून देत होते. अंडं फोडायला हरकत नव्हती, तोंडात घालायला होती. अशी चार वर्षं गेली.

स्वयंपाकी गोव्याचा होता. नाताळला दरवर्षी लोंढ्याच्या गाडीने घरी जायचा आणि नव्या वर्षाला परत यायचा. त्या वर्षी, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी कधीतरी, तो गेला आणि चार दिवसांत निरोप आला की मेव्हण्याबरोबर पावाची भट्टी टाकतोय, परत येणार नाही. बाईंनी कागद वाचला, त्याची घडी केली आणि मला म्हणाल्या, “नवीन वर्षापर्यंत स्वयंपाकघर तुमच्या हाती. नंतर पाहू.”

स्वयंपाक्याला बंगल्यामागे एक खोली होती. एक खिडकी, एक चूल, आणि दाराला आतून कडी. चार वर्षं मी ती खोली बाहेरून बघत आले होते. त्या दिवशी दुपारी कुणी नसताना मी आत गेले, कडी लावली, उगीच थोडा वेळ उभी राहिले आणि कडी काढून बाहेर आले. मला ती खोली हवी होती. इतकं काही मला नवरा असतानाही हवं झालं नव्हतं.

नाताळच्या दिवशी दुपारच्या चहाला बाईंकडे चार पाहुणे यायचे, त्यात एक म्हातारा पाद्री. त्या चहाला बाईंना त्यांच्या आईच्या हातचा गोड पाव लागे. हा बेकरीतला ताडीने फुगवलेला पाव नव्हे. यात खमीर नसतं आणि रात्रभर झाकून ठेवणं नसतं. मैदा, लोणी, साखर, मनुका, किसलेलं जायफळ, एक अंडं, आणि शेवटी खाण्याचा सोडा घालून आंबट ताक ओतायचं. ओतलं की लगेच भांडं निखाऱ्यावर. बाईंनी सगळं सांगितलं आणि मी डोक्यात ठेवलं. आधी एक करून पाहा, म्हणाल्या.

पहिला मी पोळीच्या कणकेसारखा रगडून मळला. झाला विटेसारखा. बाई म्हणाल्या, “मळायचा नाही. नुसता एकत्र करायचा.” पाव बसका झाला हे मला फार लागलं. आपल्या हातात दोष असेल हे मनात आलंच नाही, सोडा कमी पडला असं मी ठरवून टाकलं.

नाताळच्या दिवशी मी अंधार असतानाच घरून निघाले. त्या आठवड्यात थंडी अशी की बोटं वळत नव्हती. बंगल्यावर पोचल्यावर तिथल्या विहिरीवर अंघोळ केली आणि ओलेत्याने चूल पेटवली. कुणी सांगितलं नव्हतं. पण देवाच्या जन्माचा सण, त्याचा नैवेद्य, मग तो पारोशाने कसा करायचा? देव दुसऱ्यांचा असला म्हणून काय झालं! मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, त्यात पावाचं भांडं बसवलं, वर तवा ठेवून तव्यावर निखारे रचले. सोडा दुप्पट घातला.

पाव असा फुगला की तव्याला टेकला. वरून तांबूस, मधोमध भेग, जायफळाचा वास पार व्हरांड्यापर्यंत. बाई वास घेत आत आल्या, बघून टाळी वाजवली आणि म्हणाल्या, “अगदी आईचा.” त्यांचे डोळे भरले होते. मी वाकून वास घेतला. सगळं बरोबर होतं. खोली मिळाली, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

दुपारी पाहुण्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली तेव्हा माझी खात्रीच पटली की हा नैवेद्य होता. मी दाराआड उभी होते. पाद्रीबाबांनी एक घास खाल्ला आणि लागोपाठ तीन कप चहा प्यायले. मला वाटलं, गोड फार आवडलेलं दिसतंय. कुणी काही बोललं नाही. गोरे लोक खाताना कमीच बोलतात म्हणून मीही काही मनात आणलं नाही.

बश्या घासायला घेतल्या तेव्हा कळलं. एका बशीच्या काठाखाली पावाचा तुकडा दडपलेला. दुसऱ्या कपात चहाच्या गाळात एक विरघळलेला. पाद्रीबाबांचा तर रुमालात होता, आणि रुमाल ते विसरून गेले होते. मी तशीच ओल्या हातांनी बाईंकडे गेले.

“बाई, पाव कसा झालता?”

बाई खोटं बोलत नसत. म्हणाल्या, “साबणासारखा लागत होता. सोडा फार पडला. आणि ताकही आंबट नव्हतं.”

थंडीत ताक आंबलं नव्हतं हे खरं होतं. ते मला नाकाने कळायला हवं होतं, पण जायफळाने नाक भरून गेलेलं. आणि सोड्याला तर वासच नसतो.

“तुम्ही चव घेतली नव्हती?” बाईंनी विचारलं.

“न्हाय.”

“का?”

“देवाचं हाय म्हटल्यावर आदी आपन कसं चाखायचं?”

“आमचा देव पाव खात नाही. पाहुणे खातात.”

मला राग आला. म्हटलं, “मग तुमी डोळं मिटून त्येला काय सांगत हुता?”

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. “ते राहू द्या. रोजच्या सुपाचीही चव तुम्ही घेत नाही?”

“तुमच्या घरचं मी तोंडात घालत न्हाय. म्हाईत हाय तुमास्नी.”

बाई थोडा वेळ बोटाने टेबलावरचे चुरे गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “आजाऱ्यांची पेज याच चुलीवर होते. दूध नासलं, पीठ कडू झालं, तर ते रोग्याच्या आधी स्वयंपाक करणाऱ्याला कळलं पाहिजे. चव न घेणाऱ्या माणसाच्या हाती मी हे स्वयंपाकघर कसं देऊ? खानापूरचा एक मनुष्य काम मागतो आहे. नवीन वर्षाच्या दिवशी मला सांगा.”

घरी जाताना वाटभर मी बाईंना शिव्या दिल्या. आमच्या पिढ्यान्पिढ्या नाकावर जगल्या, आणि ही बाई एका पावावरून मला जीभ लावायला सांगते! पण आजाऱ्यांचं जे त्या बोलल्या ते खरं होतं.

दोन दिवसांनी अण्णाला विचारलं. तो मागावर बसला होता. मी म्हटलं, “अण्णा, तितलं चाखलं तर?”

त्याने हातातला धोटा थांबवला. मग म्हणाला, “तुजं तू बग. मी हात धरनार न्हाय. त्या बाईनं माजं घर राखलंय. पर मंग हितल्या पान्याला शिवू नगंस. चुलीला नगं, देवाला नगं. तीन पोरी उजवायच्या हाईत मला. उद्या जातीतलं कोन म्हनलं, आत्या क्रिस्तावाचं खाती आन् हितलं पानी भरती, तर काय सांगू?”

“आन् मी न बोलता चाखलं तर?”

“तू मला खोटं सांगशील व्हय गं?” त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की मला रडू फुटलं. वहिनी दारात होती. तिची थट्टा त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे.

ते चार दिवस मी दोन्हीकडे जीव नसल्यासारखी वावरले. ताकाचं गाडगं मात्र बंगल्यातल्या चुलीच्या उबेला ठेवलं होतं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण ताक आंबत होतं.

नव्या वर्षाच्या सकाळी मी पुन्हा पाव केला. या वेळी अंघोळ करून ओलेत्याने केला नाही. सोडा बाईंनी सांगितला तेवढाच घातला, ताक ओतताना हाताला फेस लागला, भांडं झटकन वाळूत बसवलं. पाव उतरला तो नाताळच्या पावाएवढा उंच नव्हता. बाई दवाखान्यात होत्या. स्वयंपाकघरात मी एकटी. न चाखता ‘चाखला’ म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? बाईंना नाही, अण्णालाही नाही. पण पेजेचं पातेलं शेजारच्या चुलीवर होतं. दवाखान्यात त्या दिवशी नंदगडची एक पोर होती, बाळंतपणात पांढरीफटक पडलेली, आणि ती पेज तिच्यासाठी होती.

मी आधी पेज चाखली. मग सुरीने पावाचा कोपरा कापला आणि तोंडात घातला.

मला वाटलं होतं ओकारी येईल. निदान घशाखाली उतरणार तरी नाही. तसं काहीच झालं नाही. पाव गरम होता, मऊ होता, आणि मनुका दाताखाली फुटली. तो चांगला लागला. त्याचंच मला वाईट वाटलं. वाईट लागला असता तर मी काहीतरी सोसलं असं म्हणता आलं असतं.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, “साखर वाईच कमी हाय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

संध्याकाळी कपडे आणायला शहापूरला गेले. परसात न जाता पुढच्या दाराबाहेर दगडावर बसले. अण्णाचा माग चालू होता. मला बघून तो थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला. वहिनी रोजच्यासारखी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो माझ्या हातात द्यायला लागली. मी तांब्या घेतला नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्यापुढे धरली.

वहिनीला कळायला क्षणभर लागला. मग ती मागे सरून उंबऱ्याच्या आत उभी राहिली, तिने तांब्या वर उचलला आणि धार सोडली. माझ्या बोटांना तांब्याचा काठ लागू नये म्हणून तिने हात खूप उंच धरला होता. मी पोटभर पाणी प्याले.