बांधवालीची हाळी

बांधवाली कुणावर विश्वास ठेवत नसे. म्हणजे माणसांवर ठेवायची, अगदी भाबडेपणानं, प्रोग्रॅमवर नाही. रोह्याच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं की ही आडवी! "सर, कुठनं आलाय ठाव हाय? नाय ना? मग लावू नका." अहो, प्राचार्यांचा असला तरी तेच.

पोर पेणच्या खाडीकडची. तिकडं भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात आणि जिवापाड राखतात; कुठं खांड पडून बांध फुटला, की शेत गेलंच. हिच्या बोलण्यात सारखा तो बांध, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलं. तिला त्याचा राग नव्हता.

डोक्यात एकच खूळ. अनोळखी प्रोग्रॅम आला की ऑपरेटिंग सिस्टिमनंच त्याच्याभोवती बांध घालावा. आत त्यानं काय तो धिंगाणा घालावा, पण आपल्या फायली, आपला कॅमेरा त्याला दिसू नये. एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या डेव्हलपरांचा इंटरनेटवर चर्चागट होता, तिथं हिनं ही कल्पना मांडली. इंग्रजी लिहिताना तिला घाम फुटायचा. मी वाचून व्याकरण तेवढं सरळ करायचो; बाकीचं मला निम्मंच कळायचं.

आणि काय सांगू, त्यांना आवडली की! एकानं लिहिलं, कल्पना टिकली तर तुला हाताशी घेऊन शिकवीन. हिचे पाय जमिनीवर ठरेनात. घरी बापानं बजावलं होतं, "परीक्षा झाली की कंपनीत लागायचं. तवर तुझं काय जमलं तर बघ." आता जमणार होतं.

मग तिलाच तिच्या कल्पनेत एक भोक सापडलं. दुसरा कुणी असता तर गुपचूप बसला असता. हिनं मला न दाखवता, आनंदानं चर्चागटात लिहून टाकलं: माझ्या बांधाला इथं खांड पडली आहे, सगळे या.

मी कपाळावर हात मारला. "अगो, असं कुणी आपल्या तोंडानं सांगतं का?"

"म्हंजे? सर, आमच्याकडं खांड दिसली की पयली हाळी देतात. ताटावरनं उठून गाव धावतो. कुनाचा बांध, कुनाची चूक, कोन इचारत नाय. लपवली तर पाप."

ती वाट बघत बसली. लॅबमध्ये यायची, चर्चागटाचं पान उघडायची, बंद करायची. शेवटी उत्तर आलं: मांडणारीच म्हणते हे फुटलं आहे, तेव्हा विषय बंद करत आहोत. खाली कुलपाचं चित्र, म्हणजे आता तिथं कुणी काही लिहायचं नाही. शिकवीन म्हणणारा फिरकलाही नाही.

"कोन पन आला नाय, सर," एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या चर्चागटात लिही, म्हणून मी डोकेफोड केली. ती नुसती नाही म्हणून मान हलवायची.

आता ती कंपनीत शिफ्टला जाते. परवा कोलाडला, हायवेवरच्या टपरीत भेटली. चेहरा पार उतरलेला. मी कॉम्प्युटरचं नाव काढलं तर म्हणाली, "सर, चहा निवतोय."

घरी येऊन मी ते पान शोधून काढलं. तिची हाळी अजून तशीच आहे तिथं. मला खाली फक्त "आलो गो" लिहायचं होतं. ते पान काही लिहू देत नाही.